आजीसाठी झणझणीत हम्मस

मित्रांनो, तुमच्या घरी जेवायला कोण कुठे बसतं हे ठरलेलं असेल ना? छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, उस्मानपुऱ्यात माझी बहीण राहते. तिच्या घरात भिंतीला टेकून पहिला पाट आजींचा. आजी म्हणजे तिच्या सासूबाई. मूळच्या पैठणकडच्या, आवाज खणखणीत, आणि जेवणात ठेचा नसेल तर ‘आज काय उपास हाय का?’ असं विचारणाऱ्या.

गेल्या दिवाळीनंतर तो पाट रिकामा राहू लागला. आजींचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले होते. कवळी बसवायची, पण हिरड्या भरून येईपर्यंत काही महिने थांबायचं होतं. तोवर काय, तर मऊ भात, वरण, पेज. पुन्हा मऊ भात! आजी ताट घेऊन आपल्या खोलीत जायच्या आणि अर्धं टाकून परत आणायच्या. “भूक नाही गं,” म्हणायच्या. खरं कारण वेगळंच होतं. बिनदाताचं तोंड हलताना चारचौघांत दिसू नये, असं त्यांना वाटायचं. हे मोठ्यांच्या आधी कळलं ते आठवीतल्या धाकट्याला. “मावशी,” तो मला म्हणाला, “आजीला ठेचा पाहिजे. पण चावायला लागणार नाही असा.”

उपाय सुचला थोरलीला. ती कॉलेजात जाते. तिच्या एका मैत्रिणीचे वडील शारजाला नोकरी करतात. तिच्याकडे थोरलीनं हम्मस खाल्लं होतं: काबुली चणे शिजवून, तीळ, लिंबू, लसूण घालून लोण्यासारखं वाटलेलं. चावायचं कामच नाही! फक्त चवीला अगदी सौम्य. मग त्यात आपला ठेचा घातला तर?

आता कुणी म्हणेल, हे परदेशी खाणं उस्मानपुऱ्यात कशाला? जरा थांबा. अरबी भाषेत ‘हुम्मुस’ या शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. पूर्ण नाव ‘हुम्मुस बि तहिना’, म्हणजे तिळाच्या लगद्यातला हरभरा. हरभरा आपल्या मराठवाड्याच्या रब्बीचं पीक आणि तीळ आपल्या संक्रांतीचे. काबुली चणा आणि आपला तांबूस हरभरा हे तर एकाच झाडाचे दोन भाऊ. शास्त्रीय नावही एकच, सायसर एरिएटिनम. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘मेंढ्यासारखा’. एक चणा हातात घेऊन नीट बघा. ती पुढे आलेली चोच, तो गोल कपाळाचा भाग... दिसलं ना मेंढ्याचं डोकं? प्राचीन रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो, त्याचं घराण्याचं नावसुद्धा या चण्यावरूनच आलेलं. म्हणजे आपल्याकडे ‘श्री. चणेकर’ म्हणावं तसं!

आणि हे शहर तर बाहेरून आलेल्या माणसांना नवखं नाही. 1610 साली इथे खडकी नावाचं नगर वसवलं ते मलिक अंबरनं. तो जन्मानं इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमध्ये राहिला आणि तिथून दख्खनेत आला. इथला नान-कलिया मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादेत आला, असं सांगतात. मिरची तरी आपली कुठे? ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेली. तिच्याशिवाय ठेचा कसा झाला असता, सांगा बरं!

असो. एका शनिवारी पोरांनी पहिला प्रयोग केला. त्या दिवशी नळाला पाणी येण्याची पाळी नव्हती, म्हणून चणे बोअरच्या पाण्यात भिजवले आणि त्याच पाण्यात शिजवले. कुकरच्या तीन शिट्या झाल्या. वरून चणे छान दिसत होते. मिक्सरमधून निघाला तो मात्र रवाळ, घशात अडकणारा गोळा. आजींनी एक चमचा तोंडात घेतला, हसून “छान झालंय हो,” म्हणाल्या आणि वाटी खाली ठेवली. खोटं ‘छान’ ओळखायला फार अक्कल लागत नाही. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं.

चूक कुठे झाली? बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. चण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं. कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधून टाकतं, मग चणा काही केल्या मऊ होत नाही. खायच्या सोड्यानं उलट होतं. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन सुटं व्हायला लागतं. हे वाचून धाकट्यानं दुसऱ्या खेपेला चांगला चमचाभर सोडा ओतला! चणे तर मेणासारखे झाले, पण चव अशी की कपडे धुवायचा साबण बरा. तो अख्खा पातेलाभर लगदा टाकून द्यावा लागला. आई रागावली, आणि ते बरोबरच होतं.

तिसऱ्या वेळी मीही हाताशी होते. आता जी कृती सांगते ती तेव्हाची. कुकर, गॅस आणि मिक्सर ही कामं मात्र घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊनच करायची, बरं का!

एक वाटी काबुली चणे रात्री चार वाट्या गोड्या पाण्यात भिजत घाला. 8 ते 10 तासांत ते फुगून दुपटीहून अधिक होतात, म्हणून भांडं मोठं घ्या. सकाळी ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात पाव चमचा, फक्त पाव, खायचा सोडा घालून कुकरला पाच-सहा शिट्या करा, मग मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. चणा दोन बोटांत धरून दाबला की त्याचं पीठ झालं पाहिजे. नाही झालं तर पुन्हा शिजवा, लाज वाटून घेऊ नका. नंतर चणे गार पाण्यात घेऊन हलक्या हातानं चोळा. सालं वर तरंगतात, ती काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे खरं. पण आजींसारखं कुणी खाणार असेल तर टाळू नका, कारण टाळ्याला चिकटतात ती ही सालंच. शिजवलेलं पाणी अर्धी वाटी बाजूला काढून ठेवा.

आता तीळ. पॉलिशचे पांढरे तीळ अर्धी वाटी घ्या. बिनसडीचे तीळ कडसर लागतात. मंद आचेवर ते नुसते गरम करा, रंग बदलू देऊ नका. करपले तर सगळं कडू! गार झाल्यावर मिक्सरमध्ये तीन चमचे तेल घालून अगदी गुळगुळीत वाटा. ते लोक ऑलिव्हचं तेल वरून घालतात. आम्ही घाण्याचं करडईचं तेल घेतलं. मराठवाड्यात करडई असताना महागडी बाटली कशाला?

दोन लिंबांचा रस काढा आणि त्यात चार पाकळ्या लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवा. लिंबाच्या आंबटपणानं लसणाचा उग्रपणा कमी होतो. मग हा रस गाळून तिळाच्या लगद्यात घाला. इथे एक गंमत होते. पातळ असलेला लगदा एकदम घट्ट, गोळ्यासारखा होतो! धाकटा ओरडलाच, “मावशी, परत बिघडलं!” बिघडलेलं नव्हतं. तिळाचे बारीक कण थोड्याशा पाण्यानं एकमेकांना चिकटतात, म्हणून असं होतं. चमचा-चमचा थंड पाणी घालत ढवळत राहा. तीन-चार चमच्यांनंतर तोच लगदा सैल, पांढराशुभ्र आणि सायीसारखा होतो. मग त्यात चणे आणि मीठ घालून चांगलं चार-पाच मिनिटं फिरवा. घट्ट वाटलं तर बाजूला ठेवलेलं पाणी थोडं थोडं घाला.

राहिला ठेचा. पाच-सहा हिरव्या मिरच्या, पाच पाकळ्या लसूण आणि अर्धा चमचा जिरं तव्यावर तेलात परता. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरभर ठसका! मग मीठ घालून खलबत्त्यात कुटा. मिरचीचा हात डोळ्याला लावाल तर खैर नाही. हा ठेचा सगळा एकदम ओतू नका. आधी एक चमचा घालून चव बघा, मग दुसरा. मिरचीतला तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्याचा. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तिळाच्या तेलकट लगद्यात तोच ठेचा जरा मवाळ लागतो. जीभ भाजलीच तर पाणी ढोसण्यापेक्षा दूध किंवा दही घ्या.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. काहींना तिळाची ॲलर्जी असते, पाहुण्यांना द्यायच्या आधी विचारून घ्यावं. आणि हम्मस फ्रीजमध्ये झाकून तीन-चार दिवसच टिकतं. आजींना द्यायच्या आधी थोरलीनं दातांच्या डॉक्टरांनाही विचारलं होतं. हिरड्या भरल्या आहेत, मऊ पदार्थ चालेल, तिखट जपून, असं ते म्हणाले.

हा पदार्थ कुणाचा, यावरून देशादेशांत केवढी चुरस आहे! 2010 च्या जानेवारीत इस्राएलमध्ये 4 हजार किलोंहून जास्त हम्मस एका थाळीत करून विक्रम झाला. लेबनॉनवाले चिडले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 10,452 किलोंचं हम्मस केलं. हाच आकडा का? तर त्यांच्या देशाचं क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर सांगतात. थोरलीनं हे आजींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “येवढं खाल्लं कुणी?” हा प्रश्न मात्र बिनतोड.

तर त्या संध्याकाळी पोरांनी वाटी घेऊन आजींच्या खोलीत जायचं ठरवलं होतं. पण मिरचीचा ठसका आधीच तिथे पोहोचला होता. आजी स्वतःच दारात येऊन उभ्या. “काय करायलेत रे पोरांनो? कोण जाळतंय मिरच्या?”

धाकट्यानं पाट मांडला. आजी क्षणभर थांबल्या, मग बसल्या. पदर तोंडाशी धरलेला होता. ज्वारीच्या भाकरीचा मऊ पापुद्रा थोरलीनं ताकात भिजवून दिला, त्यावर हम्मस. पहिला घास गेला. आजी काहीच बोलेनात. दुसरा घास गेला, डोळ्यांत पाणी आलं. धाकटा घाबरला, “आजी, लई तिखट झालं का गं?”

“गप रे,” आजी म्हणाल्या. मग हरभऱ्याच्या रानातल्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या लहानपणी हरभऱ्याच्या झाडांवर रात्री स्वच्छ फडकं पसरून ठेवायचे. पहाटे दवानं ओलं झालेलं ते फडकं पिळलं की आंब मिळायची, आंबटढाण. पोटदुखीवर घरोघरी तीच द्यायचे. तो आंबटपणा हरभऱ्याच्या पानांवर पाझरणाऱ्या आम्लांचा असतो. पोरं ऐकत होती. बोलता बोलता पदर कधी खाली आला, ते आजींच्याही लक्षात आलं नाही.

वाटी पुसून झाल्यावर त्यांनी निकाल दिला. “मीठ कमी हाय. आन् ठेचा मिक्सरवाणी बारीक कुटलाय, जरा वबडधोबड ठेवायचा.” हे खरं ‘छान’ होतं, नाही का?

दुसऱ्या रविवारी मी गेले, तेव्हा खलबत्ता आजींच्या पुढ्यात होता आणि धाकटा चण्याची सालं काढत बसला होता.