आकडा रोलला नाही, कॅमेऱ्याला सांगायचा असतो

कपाटातून जुना रोलचा कॅमेरा निघाला की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "याला काही करावं लागत नाही, ऑटोमॅटिक आहे." अशा भरवशावर रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर गेलेला रोल धुऊन आला की चेहरे काळवंडलेले, पुळण राखाडी आणि मागची जेटी मात्र लख्ख स्पष्ट.

आपोआप काय होतं, हे कॅमेऱ्यागणिक बदलतं. आपल्याकडे घरोघरी दिसणारा याशिका एमएफ-२ तर फोकस करतच नाही. त्याची लेन्स एकाच अंतरावर कायमची बसवलेली असते, त्यामुळे थोडं लांबचं सगळं चालण्याइतपत स्पष्ट येतं, इतकंच. बाजारात पहिला खरा ऑटोफोकस कॅमेरा आला १९७७ साली, कोनिका सी३५ एएफ. मग १९७९मध्ये कॅननचा एएफ३५एम आणि १९८३मध्ये निकॉनचा एल३५एएफ. हे तिन्ही फोकस स्वतः करतात, पण आत किती आयएसओचा, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील, रोल आहे हे त्यांना कळत नाही. लेन्सभोवतीची कडी फिरवून ते आपणच सांगायचं.

"डबीवर काळे-रुपेरी चौकोन आहेत ना, कॅमेरा वाचून घेईल," हा पुढचा समज. ते चौकोन म्हणजे डीएक्स कोड. कोडॅकनं तो १९८३मध्ये आणला. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना तो वाचता येणार कसा? मागचं झाकण उघडून रोलची डबी बसते त्या खोबणीत बघा. बारीक धातूच्या टाचण्या दिसल्या तर कॅमेरा कोड वाचतो, नसल्या तर कडी तुमच्या हातात. उलटा घोळही होतो. सिनेमाची फिल्म कापून भरलेल्या डब्यांवर बहुधा कोड नसतो, आणि कोडवर चालणारे बरेचसे कॅमेरे अशा वेळी सरळ १०० धरतात. कडीवर आयएसओऐवजी एएसए लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, १०० एएसए म्हणजेच १०० आयएसओ.

सगळ्यात चिवट गैरसमज असा, की कडी ४००वर नेली की रोल ४००चा होतो. रोल जसा कारखान्यातून आला तसाच राहतो. कडी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला सांगते, की आत अमुक फिल्म आहे, त्या हिशेबानं प्रकाश घे. १००च्या रोलला ४०० सांगितलं तर फिल्मवर हवा त्याच्या एक चतुर्थांश प्रकाश पडतो आणि सावलीतले तपशील चिखलात जातात. लॅबला सांगून रोल जास्त वेळ धुता येतो, पण तो अख्खा रोल. मधलेच चार फोटो नाही. उलट ४००च्या रोलला चुकून १०० सांगितलं तर चौपट प्रकाश पडतो, आणि रंगीत निगेटिव्ह तो बहुतेक वेळा पचवते. स्लाइड फिल्म नाही पचवत. म्हणून निगेटिव्हच्या बाबतीत शंका असेल तर लहान आकड्याकडे झुकावं.

ही कडी मांडवीला फार उपयोगी पडते. मीटरला समोरचं सगळं मध्यम राखाडी करायची खोड असते. इथली पुळण काळी; ती फ्रेमभर असली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो जास्त प्रकाश घेतो, आणि वाळू राखाडी, आकाश पांढरंफटक. संध्याकाळी नेमकं उलटं. समोर पश्चिमेचा समुद्र झळकतोय, त्याच्यापुढे उभ्या माणसाचा चेहरा सावलीत. मीटर पाण्याकडे बघून प्रकाश कमी करतो आणि माणूस काळा. आत २००चा रोल असेल तर एवढ्या फोटोपुरती कडी ५०वर आणा, चौपट प्रकाश मिळेल आणि चेहरा उजळेल. निकॉनवर याच कामासाठी वेगळा खटकाही आहे. फोटो झाला की कडी परत २००वर. हे विसरलात तर पुढचे सगळे फोटो ५०च्याच हिशेबानं निघतील.

"४००चा रोल घ्या, कुठेही चालतो," असं दुकानदार सांगतात. बऱ्याच अंशी खरं आहे, पण भर दुपारी मांडवीला नाही. रणरणत्या उन्हात ४००च्या रोलला एफ/१६ला साधारण १/४०० सेकंद लागतो. निकॉन एल३५एएफचा सर्वात वेगवान शटर सुमारे १/४३०चा, म्हणजे कॅमेरा शेवटच्या टोकाला आलेला. दुपारसाठी १०० किंवा २०० घ्यावा, ४०० संध्याकाळी जेटीवर.

आता ती मागची लख्ख जेटी. कॅनन आणि निकॉन इन्फ्रारेडचा किरण सोडून त्याच्या परतीवरून अंतर ठरवतात, आणि तो जातो फ्रेमच्या मधोमध. दोघं शेजारी उभे राहिले तर किरण त्यांच्या मधल्या फटीतून निघून जातो. काही परत आलं नाही म्हणून कॅमेरा 'फार लांब' असं धरतो. दोघं धूसर, क्षितिज स्पष्ट. निकॉनवर आधी एकाच्या चेहऱ्यावर मध्य धरून बटण अर्धं दाबा, तसंच दाबून ठेवून फ्रेम हवी तशी हलवा, मग पूर्ण दाबा. अंधारात ऑटोफोकस चालत नाही हा समजही सरसकट खरा नाही. इन्फ्रारेडवाले अंधारातही अंतर मोजतात. अडचण कोनिकाची, कारण तो दोन प्रतिमा ताडून बघतो आणि त्यासाठी त्याला उजेड लागतो. गाडीच्या बंद काचेतून मात्र इन्फ्रारेडवर विसंबू नका, किरण काचेवरूनच परत फिरू शकतो.

राहिला कपाटातला मुदत संपलेला रोल. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या, हा ठोकताळा थंड जागी ठेवलेल्या रोलसाठी ठीक आहे. कोकणातल्या उकाड्यात आणि पावसाळी दमटपणात पडून राहिलेल्या रोलची हमी कुठलीच कडी देत नाही. कडी २५ किंवा ५०वर लावून असा रोल हौसेखातर वापरा, मुंजीला नको.