मामांचं बीपी आणि मानेतले चार दाणे

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये आणि आता शिकतेय इंजिनिअरिंग, त्यामुळे मराठीच्या आणि डॉक्टरकीच्या चुका दोन्ही पोटात घाला. पण हा विषय गेलं वर्षभर आमच्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत आलेला आहे, म्हणून लिहितेय.

माझे मामा नारायणगावजवळ राहतात. द्राक्षाची बाग आहे. सहा वर्षांपासून ते डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सुरुवातीला त्यासाठी पुण्याला यावं लागायचं, म्हणजे चाकणच्या ट्रॅफिकसकट अख्खा दिवस गेला. बीपीच्या तीन गोळ्या घेऊनही आकडा १८०/१०० च्या खाली यायला तयार नसायचा. त्यात हाडं दुखायची आणि अंगाला इतकी खाज की रात्रभर झोप नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, पॅराथायरॉइडचं ऑपरेशन करू. मामी म्हणाल्या, "किडनी पोटात आणि ऑपरेशन मानेचं? हे काय नवीनच!"

मलाही तेच वाटलं होतं. मग वाचायला लागले.

मानेत थायरॉइडच्या मागे साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या इतक्या लहान की शरीरशास्त्राला फार उशिरा सापडल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी दिसली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी छापलं. शोध लागला तेव्हा ते मेडिकलचे विद्यार्थी होते! (आपण मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतो.)

या ग्रंथींचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. कॅल्शियम घसरलं की त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात आणि ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरातला सरळ फीडबॅक लूप. किडनी बंद पडली की फॉस्फरस साचतो, व्हिटॅमिन डी कामाचं होत नाही, कॅल्शियम घसरतं. ग्रंथी बिचाऱ्या रात्रंदिवस पीटीएच ओतत राहतात. वर्षानुवर्षं असं चाललं की त्या सुजून मोठ्या होतात आणि मग कॅल्शियम पुरेसं असलं तरी ऐकत नाहीत. कंट्रोलर हाताबाहेर गेला!

आता बीपी. आपलं व्ही बरोबर आय आर आठवा: दाब म्हणजे प्रवाह गुणिले अडथळा. डायलिसिसच्या पेशंटमध्ये बीपी वाढण्याचं पहिलं कारण अंगात साठलेलं पाणी आणि मीठ, हे विसरायचं नाही. पण अडथळाही वाढतो. रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम जास्त शिरलं की ती आवळते, आणि भिंतीत कॅल्शियम बसलं की ती कडक होते. मामांना मी ड्रिपचं उदाहरण दिलं. बोअरच्या पाण्याचे क्षार नळीत साचतात तसंच. मामा लगेच म्हणाले, "मग ॲसिड सोडायचं की!" ड्रिपमध्ये सोडता येतं, मामा. शिरेत नाही. भिंतीत बसलेलं कॅल्शियम ऑपरेशननंतरही सहजासहजी निघत नाही.

गेल्या दिवाळीनंतर पुण्यात ऑपरेशन झालं. मला वाटत होतं, आता सगळं हळूहळू सुधारेल. झालं उलटंच, सगळं झटकन घडलं. पीटीएच अचानक कमी झालं की उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. मामांच्या ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागलं. घरी आल्यावरही मूठभर कॅल्शियमच्या गोळ्या. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना आकुंचनासाठी कॅल्शियमच लागतं, त्यामुळे ते घसरलं की बीपीही घसरू शकतं.

आणि आमच्याकडून चूक झाली ती इथेच. मामी सवयीने बीपीच्या जुन्या तिन्ही गोळ्या देत राहिल्या. त्या रोज सकाळी मामांच्या हातातल्या फिस्तुलावर बोट ठेवून थरथर बघतात. एके दिवशी म्हणाल्या, "अगं, आज नीट लागतच नाहीये." बीपी मोजलं तर ९०! बीपी फार कमी राहिलं तर फिस्तुलात रक्त गोठू शकतं, आणि फिस्तुला गेला तर डायलिसिस करायचं कुठून? तसेच गाडी काढून निघालो. डॉक्टरांनी कॅल्शियम तपासलं, ड्राय वेट पुन्हा ठरवलं आणि तीनपैकी दोन गोळ्या बंद केल्या. फिस्तुला वाचला.

पण म्हणून हे ऑपरेशन बीपीचा इलाज आहे असं समजू नका. ते करतात हाडांसाठी, खाजेसाठी, औषधांना दाद न देणाऱ्या पीटीएचसाठी. काहींचं बीपी नंतर उतरतं, गोळ्या कमी होतात. काहींना काहीच फरक पडत नाही. अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. मामांच्या शेजारच्या बेडवर मंचरचे एक काका असायचे. त्यांचंही हेच ऑपरेशन झालंय, पण बीपी होतं तिथेच आहे.

मामांचं आता १४०च्या आसपास असतं. खाज गेली, झोप लागते. शेंगदाण्याची चटणी मात्र मामी अजून कुलपात ठेवतात, कारण फॉस्फरस. चावी कुठे आहे ते मामांना आणि मला दोघांनाही माहीत आहे, पण अजून तरी आम्ही ती वापरलेली नाही.