न दिसणारा मुकादम

घरबसल्या मागविलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दाराशी येऊन पडते, ह्याचे आता आपल्याला फारसे नवल वाटत नाही. पुस्तक येते, चपला येतात, मिक्सरचे भांडे येते. आपण खोके उघडतो, वस्तू घेतो आणि पुठ्ठा रद्दीत टाकतो. पण त्या खोक्याला आपल्या आधी ज्यांचे हात लागले, त्यांचा दिवस कसा जातो, हे आपण क्वचितच विचारतो. आज ते पाहू या. त्यासाठी एकच कंपनी डोळ्यांपुढे ठेवू: अमेरिकेतील ॲमेझॉन. ही निवड एवढ्यासाठीच की, तिथल्या नोकरीविषयी आतल्या माणसांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे; चांगलेही आणि वाईटही.

१९९४ साली जेफ बेझोस ह्यांनी वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे, राहत्या घराच्या गॅरेजमध्ये, हा उद्योग काढला. पुढल्या वर्षीच्या जुलैत पुस्तकांची विक्री सुरू झाली. टेबले परवडत नाहीत म्हणून दारांच्या फळ्यांना पाय ठोकून त्यांची टेबले केली, ही गोष्ट कंपनीत आजही कौतुकाने सांगतात. आता पुढचे आकडे बघा. २०१९ च्या अखेरीस कंपनीत सुमारे ८ लाख माणसे होती. २०२१ च्या अखेरीस ती १६ लाखांवर गेली. मधली दोन वर्षे करोनाच्या साथीची. लोक घरात कोंडलेले, आणि दुकान त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये! दोन वर्षांत एका मोठ्या शहराएवढी माणसे नव्याने कामावर आली.

लहान पेढीचा मालक आपल्या माणसांना चेहऱ्याने ओळखतो. रामभाऊ आज उशिरा आला, कारण त्याची आई आजारी आहे, हे त्याला ठाऊक असते. सोळा लाखांच्या घरात ही ओळख कुठून आणावयाची? मग ओळखीच्या जागी दोन गोष्टी येतात. एक, लिहून ठेवलेली तत्त्वे. आणि दुसरी, आकडे. कचेरीतल्या माणसाला तत्त्वांचा अनुभव अधिक येतो, गोदामातल्या माणसाला आकड्यांचा.

तत्त्वांचे थोडक्यात सांगतो. ॲमेझॉनची अशी चौदा तत्त्वे होती. २०२१ साली ती सोळा झाली. ग्राहक आधी, काटकसर करा, पटत नसेल तर स्पष्ट बोला, पण एकदा ठरले की मन लावून करा, अशा धाटणीची ती आहेत. तिथल्या सभाही वेगळ्या. पडद्यावर चित्रे दाखवीत भाषण करण्याऐवजी सहा पानांचे टिपण लिहून आणतात, आणि सभेच्या प्रारंभी सगळेजण ते मुकाट्याने वाचतात. मास्तरकीच्या पेशामुळे असेल, पण मला ही चाल फार आवडते. तिथे काम केलेल्या अनेकांनीही लिहिले आहे की, विचार नीट मांडावयास आपण ह्या टिपणांमुळे शिकलो.

दुसरी बाजू जुन्या सवयींच्या आड फार काळ लपून राहिली नाही. पुस्तकविक्रीला वीस वर्षे झाली त्याच साली, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने शंभराहून अधिक आजी-माजी नोकरांशी बोलून एक लांबलचक लेख छापला. रात्री उशिरा येणारी पत्रे, सहकाऱ्याविषयी त्याच्या नकळत वरिष्ठांना अभिप्राय पाठविण्याची सोय, आजारपणात वा घरच्या संकटात कामगिरीची केलेली मोजणी, असे पुष्कळ त्यात होते. बेझोस ह्यांनी नोकरांना पत्र लिहून कळविले की, ह्या वर्णनातली कंपनी माझ्या ओळखीची नाही. कित्येक नोकरांनीही तेच म्हटले. मला वाटते, दोन्ही पक्ष खरे बोलत असावेत. एवढ्या मोठ्या घरात एका खोलीतले दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही.

आता गोदामात जाऊ. खरा प्रश्न तिथे आहे.

माल उचलणाऱ्या कामगाराजवळ एक स्कॅनर असतो. कोणत्या खणातली कोणती वस्तू काढावयाची ते पडद्यावर उमटते. वस्तू काढली की तिच्यावरच्या रेघांपुढे स्कॅनर धरावयाचा. 'टिक्' असा आवाज होतो आणि पुढली वस्तू दिसते. दिवसभर हेच. पण त्या प्रत्येक 'टिक्'ची वेळ यंत्रात नोंदली जाते. त्यावरून तासाला किती वस्तू काढल्या, हे निघते. त्याला तिथे 'रेट' म्हणतात. दोन आवाजांमध्ये फार अंतर पडले तर तो वेळ वेगळ्या खाती जातो. त्याचे नाव 'टाइम ऑफ टास्क', म्हणजे कामाबाहेरचा वेळ. मेख इथेच आहे. माणूस गप्पा मारीत उभा होता, की लघवीला गेला होता, की खण अडकल्यामुळे खोळंबला होता, हे यंत्राला कळत नाही. त्याला फक्त शांतता ऐकू येते.

२०१९ मध्ये बाल्टिमोरच्या एका गोदामासंबंधीची कागदपत्रे प्रसिद्ध झाली. रेट घसरला की ताकिदीची चिठ्ठी यंत्रणा आपोआप तयार करते, असे त्यांतून दिसले. वरिष्ठाला ती रद्द करता येते, असे कंपनीचे म्हणणे. २०१२ साली कंपनीने ७७ कोटी ५० लाख डॉलरना किव्हा ही यंत्रमानव बनविणारी कंपनी विकत घेतली. तेव्हापासून कित्येक गोदामांत माणूस मांडणीकडे जात नाही, मांडणीच चाकांवरून माणसाकडे येते. पायपीट वाचली खरी. परंतु चालताना मिळणारी उसंतही गेली, कारण पुढली मांडणी दाराशी उभीच असते.

न्यायाचे बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, २०१८ च्या नोव्हेंबरपासून कंपनीने अमेरिकेत ताशी किमान १५ डॉलर मजुरी दिली, तेव्हा तिथल्या केंद्र सरकारचा किमान दर सव्वासात डॉलर होता. शिक्षणाची फी भरण्याची योजना २०१२ पासून आहे. पुष्कळजण ह्याच कारणासाठी तिथे जातात आणि टिकतातही.

हे सारे वाचताना मला मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर आठवतो. आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यात तो वारंवार येई. माणूस कामाला लावणे त्याच्या हाती, रजा त्याच्या हाती, आणि त्याबद्दल दस्तुरी खाणेही त्याच्या हाती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने ह्या पद्धतीवर कडक टीका केली होती. स्कॅनर दस्तुरी मागत नाही, जात विचारीत नाही, गाववाल्याला झुकते माप देत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. पण जॉबर शेजारच्या चाळीत राही. 'दादा, पोरगं तापानं फणफणलंय, आज सांभाळून घ्या' असे त्याला म्हणता येई. आताचा मुकादम दिसत नाही, म्हणून त्याच्यापुढे गाऱ्हाणेही घालता येत नाही.

गाऱ्हाणे मग बाहेर जाते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील गोदामात २०२२ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी संघटना केली. अमेरिकेतल्या ॲमेझॉनमध्ये ती पहिलीच. कॅलिफोर्नियाने २०२१ साली केलेला कायदा तर मुळावरच बोट ठेवतो. त्यात रेटवर बंदी नाही. रेट किती आहे ते कामगाराला लेखी सांगा, आणि जेवणाच्या किंवा शौचाच्या वेळेच्या आड येणारा रेट लावू नका, एवढेच त्याचे म्हणणे. २०२४ च्या जूनमध्ये ह्याच कायद्याखाली तेथील दोन गोदामांबद्दल ॲमेझॉनला सुमारे ५९ लाख डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. आमच्याकडे ठरावीक रेट नसतातच, असे कंपनीने उत्तर दिले.

त्याच महिन्यात आपल्या देशातही एक प्रकरण निघाले. हरियाणात मानेसरच्या गोदामात, सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिण्यास वा शौचास जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यावयास लावल्याची बातमी आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून तिची दखल घेतली. हा एकट-दुकट प्रकार होता, असे कंपनीने सांगितले.

आपल्या भिवंडीकडेही मागांच्या खडखडाटाच्या भोवती आता गोदामांच्या लांबच लांब पत्र्यांच्या छपरांची वस्ती झाली आहे, आणि कॉलेजातली पुष्कळ मुले सुट्टीत तिकडे कामाला जातात. आपल्या घरातले कुणी निघाले असेल, तर रुजू होण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचारून घ्यावयास सांगा. तासाचा आकडा किती आणि तो लेखी मिळेल का; जेवणाचा आणि मोरीवर जाण्याचा वेळ त्या आकड्यातून वजा होतो की नाही; आणि पगाराच्या चिठ्ठीवर नाव कंपनीचे असेल की ठेकेदाराचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.