कोकम सरबतासारखं दिसणारं कूलंट: गाडीचं सामान घरात ठेवायचं कुठे?

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. मागच्या एपिसोडमध्ये गाडी घरच्या घरी धुण्याबद्दल बोललो, तर त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "दादा, हे सगळं सामान ठेवायचं कुठे?" बरोबर आहे. व्हिडिओमधल्या लोकांकडे गॅरेज असतं, भिंतभर रॅक असतात. आपल्याकडे गॅरेज म्हणजे मेकॅनिकचं दुकान, आणि पार्किंग म्हणजे दोन पांढऱ्या पट्ट्या. मग शॅम्पू, पॉलिश, कूलंट, सगळं वर फ्लॅटमध्ये येतं.

आधी माझा गाढवपणा सांगतो. गेल्या मे महिन्यात मी कूलंटचं कॉन्संट्रेट आणलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं मिसळलं, गाडीत टाकलं. उरलं लिटरभर. ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि बाल्कनीत ठेवून दिलं. बाल्कनीत ऊन येतं म्हणून आईने ती बाटली उचलून ओट्याखाली ठेवली. तिची काय चूक? बाटलीवर काही लिहिलेलंच नव्हतं. रविवारी ताई आली होती. माझी पाच वर्षांची भाची बाटली घेऊन हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "मामा, सरबत उघडून दे ना."

कूलंट लाल होतं. अगदी कोकम सरबत. झाकण घट्ट बसलं होतं म्हणून वाचलो, नाहीतर... असो.

आता हे एवढं गंभीर का, ते नीट सांगतो. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते चवीला गोड असतं. म्हणजे पोरगं थुंकून टाकेल, या भरवशावर राहायचं नाही. पोटात गेल्यावर सुरुवातीला दारू प्यायल्यासारखं दिसतं: तोल जातो, झोप येते, उलटी होते. कधीकधी काही तास विशेष काही जाणवतही नाही. पण तोवर लिव्हर त्या ग्लायकॉलचं ॲसिडमध्ये रूपांतर करत असतं, आणि पुढे किडनीत ऑक्झलेटचे खडे साचून किडनी निकामी होऊ शकते. यावर उपचार आहेत, पण ते मुख्यतः हे रूपांतर थांबवणारे आहेत. म्हणून जितक्या लवकर पोचाल तितकं बरं. "थोडं थांबून बघू" हे इथे चालत नाही. मूल खेळतंय, हसतंय, तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, गरज पडली तर १०८ ला फोन करायचा. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. आणि बाटली सोबत न्यायची, कारण आत काय होतं हे डॉक्टरांना लेबलवरूनच कळणार.

म्हणजे सगळा खेळ लेबलचा आहे. ऑफिसमध्ये ज्युनियरच्या कोडमध्ये 'टेम्प टू' नावाचं व्हेरिएबल दिसलं की मी रिव्ह्यू परत पाठवतो. आणि घरी मीच विष बिननावाच्या बाटलीत भरून ठेवलं होतं! तेव्हापासून एकच नियम: जे ज्या डब्यातून आलं, ते त्याच डब्यात राहणार. पातळ करायचं तर लागेल तेवढंच करायचं. खाण्यापिण्याच्या बाटलीत, बरणीत, आइस्क्रीमच्या डब्यात काहीही नाही. डांबर काढायचं लिक्विड, रस्ट स्प्रे, पेट्रोल यांनाही हेच लागू. ही पेट्रोलियमवाली द्रव्यं गिळताना किंवा उलटीत फुप्फुसात गेली की न्यूमोनियासारखा त्रास होतो. पूर्वी घरोघरी बाटलीत ठेवलेलं रॉकेल प्यायलेल्या मुलांचं हेच व्हायचं.

आता जागा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सगळ्यांचा पहिला विचार: ड्राय बाल्कनी. थांबा. तिथे वॉशिंग मशीन असतं, बऱ्याच घरांत गॅस गीझरही असतो. स्प्रेच्या कॅनमध्ये दाब देणारा वायू बहुतेक वेळा आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच भाऊबंदांपैकी असतो. त्याच्या शेजारी पेटती ज्योत नको. देवघराजवळही नको. शिवाय ड्राय बाल्कनीत टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच असतं. अलॉय व्हीलचे काही क्लीनर ॲसिडवाले असतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र सांडलं की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद जागेत तो जीवावर बेततो. हे दोन एका कप्प्यात नकोतच.

मग काहीजण म्हणतात, गाडीच्या डिकीतच ठेवू. स्प्रे कॅनवर वाचा, ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ६०-७० अंशांपर्यंत सहज जातो. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींना हे मी काय सांगणार! डिकी डॅशबोर्डइतकी तापत नसेल, पण जुगार कशाला?

माळ्यावर? वरच्या मजल्याचा स्लॅब तापतो, आणि बाटली गळली तर खाली डोक्यावर. कपडे, ब्रश ठेवा, लिक्विड नको.

मी शेवटी पॅसेजमधल्या कपाटाचा वरचा कप्पा घेतला. डोक्याच्या उंचीवर, कडी-कुलूप, ऊन नाही. बाटल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उभ्या, म्हणजे गळलं तरी ट्रेमध्येच. आणि प्रत्येकीवर मार्करने उघडल्याची तारीख.

तारीख का, तर ब्रेक ऑइल. डॉट फोर ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषलेल्याचा तोच निकष १५५ वर येतो. आता ताम्हिणी घाट उतरताय, ब्रेक तापलेत, फ्लुइड उकळलं, आत बुडबुडे झाले. पाय दाबला की पेडल सरळ खाली. त्यामुळे उघडी, अर्धी उरलेली बाटली जपून ठेवण्यात काटकसर नाही. लहान बाटली घ्या, उरलं तर गॅरेजवाल्याकडे द्या. नाल्यात ओतू नका. रंगावर सांडू नका, रंग उठतो.

मायक्रोफायबरचं थोडक्यात: धुऊन, पूर्ण वाळवून, झिपच्या पिशवीत. फॅब्रिक कंडिशनर नाही. चाकांचे कपडे वेगळे, वेगळ्या रंगाचे. क्ले बार जमिनीवर पडला की सरळ कचऱ्यात, त्यात अडकलेला खडा रंगावर ओरखडे काढतो. हो, महाग असतो, माहितीय. मीही दोन फेकलेत.

न्यू जर्सीहून एका मित्राने विचारलं होतं. बाबा, तुझ्याकडे गॅरेज आहे, पण उलटा प्रॉब्लेम: थंडी. पाण्यात बनवलेली पॉलिश, वॅक्स गोठली की फाटतात, परत नीट मिसळत नाहीत. हिवाळ्यात घरात आण. आणि सांडलेलं कूलंट लगेच पूस, कुत्रं-मांजर चाटतं आणि त्यांनाही ते तितकंच घातक आहे.

ती लाल बाटली दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये देऊन आलो. भाची अजून विचारते, "मामा, ते सरबत कुठे गेलं?" ताई माझ्याकडे बघते, मी मोबाइलकडे बघतो.

चला, तुमच्या घरात असल्या बिननावाच्या बाटल्या किती निघाल्या ते कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये बॅटरीबद्दल बोलू.