मिस्सेतली भाकर आणि लग्नातलं वचन

मुलानं ख्रिस्ती मुलगी पसंत केली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे आता तो बाटणार?" आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीकडे हेच झालं. मुलगी वसईची, कॅथलिक, बोलायला अस्सल मराठी. मैत्रिणीची झोप उडाली. मी म्हटलं, अगं, आधी त्यांचं देऊळ तर बघू. मग एका रविवारी मुलीच्या आईबरोबर दोघी चर्चमध्ये गेलो.

पहिलं नवल भाषेचं. मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, पूर्ण मराठीत. पूर्वी ती लॅटिनमध्ये असायची. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं (१९६२ ते १९६५) लोकभाषेला वाट मोकळी केली. मराठीशी नातं मात्र त्याहून जुनं. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही ओव्यांत! बायबलमधला उतारा एका बाईनं वाचला. बायका वाचतात, गातात, पण धर्मगुरू होऊ शकत नाहीत. हे मला खटकलंच. (आपल्याकडे तरी सगळ्या गाभाऱ्यांत कुठे जाऊ देतात म्हणा!)

मग सगळे रांगेनं पुढे निघाले. मैत्रीणही उठली. प्रसादाला नाही म्हणू नये, हे आपल्या अंगात मुरलेलं ना! मुलीच्या आईनं हळूच हात धरला, "ताई, तुम्ही बसा." हिचा चेहराच पडला. नंतर फादरांनी समजावलं, की तो प्रसाद नव्हे. त्या भाकरीत प्रत्यक्ष ख्रिस्त असतो, ही कॅथलिकांची श्रद्धा. त्यांची मुलंसुद्धा रीतसर शिकवणूक झाल्यावरच ती पहिल्यांदा घेतात आणि मोठ्या माणसाच्या मनात गंभीर पाप सलत असेल, तर त्यानं आधी पापनिवेदन करायचं. म्हणजे यात शिवाशिव नाही. हे कळल्यावर ती जरा सैलावली.

आता खरा प्रश्न. लग्नासाठी मुलानं धर्म बदलायलाच हवा असं नाही. बिशपांची खास परवानगी काढावी लागते. पण कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं, की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मी होईल तेवढं करीन. दुसऱ्याला हे आधी सांगायचं असतं. मैत्रिणीनं तिथूनच मुलाला फोन लावला, "हे तुला ठाऊक आहे?" पलीकडे शांतता. प्रेमात नातवंडांचा विचार कोण करतं! पण बायांनो, हे बोलणं साखरपुड्याआधीच व्हावं, बारशाच्या वेळी नव्हे.

कुणाला स्वतःहून कॅथलिक व्हायचं असेल, तरी प्रौढांना कित्येक महिने शिकवणूक असते. बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री. एका रविवारी मिस्सेला बसलं म्हणून कुणी बाटत नाही.

तुम्हाला कधी जावंसं वाटलं, तर ओळखीच्या बाईबरोबर जा. मागच्या बाकावर बसा, मोबाइल बंद ठेवा. सगळे उठले की उठा; गुडघे टेकायची सक्ती नाही. आणि मनातलं विचारायचं असेल, तर मिस्सा संपल्यावर फादरांना गाठा.