४८ किलोबाइटमधली पृथ्वी

लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ च्या जुलैत अवकाशात गेला. त्याच्या स्कॅनरने टिपलेलं एक दृश्य १८५ किलोमीटर लांब-रुंद. मुंबईपासून नाशिक ओलांडून जाईल एवढं. हिरवा, लाल आणि दोन अवरक्त असे चार पट्टे, प्रत्येकात सुमारे ७५ लाख बिंदू. बिंदूमागे एक बाइट धरला, तरी तीन कोटी बाइट झाले! उलट १९७७ मध्ये आलेल्या ‘ॲपल टू’ या घरगुती संगणकाची मेमरी फार तर ४८ किलोबाइट आणि फ्लॉपी १४० किलोबाइटची. एका दृश्यालाच दोनशेवर फ्लॉप्या लागल्या असत्या.

तरीही नासाच्या गोडार्ड केंद्रात याच यंत्रासाठी ‘ॲपलपिप्स’ ही प्रतिमाप्रक्रिया प्रणाली तयार झाली. अशा यंत्रांवर खरी कसोटी लागायची ती काटकसरीची. एखादा तलाव पाहायचा तर अख्खं दृश्य कशाला? पंधरा-सोळा किलोमीटरचा तुकडा पुरे. पण पडद्यावर मावणारा २८० गुणिले १९२ बिंदूंचा तुकडाही एका पट्ट्यात ५३,७६० बाइट खातो, म्हणजे मेमरीबाहेरच. यावर सरळ तोड म्हणजे फ्लॉपीवरून एक ओळ वाचायची, काम उरकायचं, ती परत लिहायची आणि पुढची घ्यायची.

त्यात ‘ॲपल टू’च्या ६५०२ या प्रोसेसरला गुणाकाराची आज्ञाच नव्हती. अंधुक चित्र उजळायचं तर प्रत्येक बिंदूला गुणाकार लागतो. मग २५६ संभाव्य किमतींची उत्तरं आधीच काढून तक्ता करायचा आणि नंतर नुसतं त्यात बघायचं. या प्रोसेसरच्या मेमरीचं एक ‘पान’ही नेमकं २५६ बाइटचं, त्यामुळे तक्ता त्यात चपखल बसतो.

पडद्यावर रंग सहाच, काळा-पांढरा धरून. पण अवरक्त पट्ट्यात पाणी जवळजवळ काळं दिसतं आणि हिरवं पीक लख्ख उजळ, त्यामुळे किमतींचे चार-पाच टप्पे पाडून एकेक रंग दिला की तलावाचा काठ स्पष्ट उठतो.

पीक, जंगल, पडीक जमीन वेगळी करणं मात्र जिकिरीचं. संभाव्यतेची अचूक गणितं या यंत्रांवर फारच रेंगाळत. त्याऐवजी प्रत्येक वर्गासाठी चारही पट्ट्यांतल्या किमान-कमाल मर्यादा ठरवायच्या आणि बिंदू त्या चौकटीत बसतो का, एवढंच तपासायचं. नुसती लहान-मोठ्याची तुलना! मला ही युक्ती विलक्षण वाटते, पण ती फुकटची नव्हे. दोन चौकटी एकमेकींवर चढल्या की ज्वारी आणि गवत एकच होऊन बसतं. कुठल्याच चौकटीत न बसणारे बिंदू वर्गाविना राहतात. ते कशाचे, हे ठरवायला नकाशा घेऊन शेतातच जावं लागायचं.