संगणकाचे नाव आणि ते बदलण्याचा अधिकार

शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत मुलाचे नाव एकदा लिहिले गेले म्हणजे वर्गशिक्षकास ते परस्पर बदलता येत नाही. दुरुस्ती योग्य असली, तरी ती अधिकृत हातानेच व्हावी लागते. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या नावासही हाच नियम लागू आहे. तो ठाऊक नसल्यास ‘परवानगी नाकारली’ हा संदेश दिसताच नेटवर्क बिघडले, असा गैरसमज होतो.

नेटवर्कमधील संगणकाच्या नावास होस्टनेम म्हणतात. चालू नाव प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असते. त्याची कमाल लांबी ६४ अक्षरे होय. ते बदलण्याचा अधिकार रूट या मुख्य वापरकर्त्यास, अथवा तसा विशेष अधिकार दिलेल्या प्रक्रियेसच असतो. कायमचे नाव डिस्कवरील एका लहानशा फायलीत निराळे नोंदलेले असते.

संगणक नेटवर्कला जोडला म्हणजे राउटर त्यास डीएचसीपी पद्धतीने पत्ता देतो आणि कधी त्याबरोबर नावही सुचवितो. हा निरोप अनेक संगणकांवर सिस्टमडी-नेटवर्कडी ही सेवा घेते. बाहेरून येणारा निरोप खोटाही असू शकतो. सेवा फसली तरी हानी मर्यादित राहावी, यास्तव तिला अल्प अधिकारांच्या स्वतंत्र खात्याखाली चालविले जाते. त्यामुळे तिला नाव स्वतः बदलता येत नाही. ती सिस्टमडी-होस्टनेमडी या दुसऱ्या सेवेकडे विनंती करते, व ती सेवा पोलकिट या परवानगी तपासणाऱ्या व्यवस्थेस विचारते. पोलकिट बसविलेले नसेल, किंवा परवानगीचा नियम त्यात नसेल, तर विनंती फेटाळली जाते. तथापि पत्ता मिळालेला असतो व नेटवर्क चालू राहते. केवळ सुचविलेले नाव लागत नाही.

अशा वेळी शिक्षकांनी पुढील क्रमाने पाहावे.

१. संगणकास पत्ता मिळाला आहे काय, हे प्रथम तपासावे.

२. राउटरने दिलेल्या नावाची गरज आहे काय, याचा विचार करावा. शाळेत प्रत्येक संगणकाचे नाव ठरलेले असणेच सोयीचे. ते होस्टनेमसीटीएल या आज्ञेने मुख्य वापरकर्त्याने कायम करावे. सेवेच्या मांडणी-फायलीत डीएचसीपीव्ही४ या विभागात यूजहोस्टनेम या सूचनेपुढे ‘नो’ असे रोमन लिपीत लिहावे व सेवा पुन्हा सुरू करावी. मग विनंतीही होत नाही आणि नकारही येत नाही.

३. राउटरचेच नाव हवे असल्यास पोलकिट व त्यातील नियम जागेवर आहेत, याची खात्री करावी.

संदेश नाहीसा व्हावा म्हणून नेटवर्क सेवेस रूटचे सर्व अधिकार देणे मात्र कटाक्षाने टाळावे. एका नावाच्या दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या साऱ्या किल्ल्या कोणी वाटसरूच्या हाती देत नाही. जेवढे काम, तेवढाच अधिकार, हे या व्यवस्थेचे तत्त्व आहे. विद्यार्थ्यांस संगणकाची ओळख करून देताना तेही समजावून सांगावे.